वरून टाकलेली ओटी

घळीवर पूल झाला आणि लोकांनी खालच्या आसरांना वाऱ्यावर सोडलं, असं सारजाबाई येता-जाता म्हणायची. आसरा म्हणजे नदीकाठच्या सात दगडांत वसलेल्या पाणदेवता. पूर्वी पलीकडे जायचं तर घळीत उतरावंच लागे, मग बायका जाता जाता त्यांची ओटी भरत. आता दीडशे फुटांवरून गाड्या भुर्रकन जातात, आणि कुणाला फारच आठवण झाली तर कठड्यावरून नारळ फेकतात.

"ओटी भरायची असती, फेकायची नसती," ती एकेकीला सुनवायची. "उद्या जावयाचं ताट बी माडीवरनं फेकाल."

जीभ तिखट, पण बोलणं खोटं नव्हतं. उभा जन्म शेरडांमागं काढलेल्या या धनगरणीनं घळीतली ओटी एका वर्षीही चुकवली नव्हती. मग गुडघे गेले. नेमकी त्याच वर्षी नातसून प्रांजल तिसऱ्यांदा पोटुशी राहिली. आधीची दोन्ही पोटातच गेली होती. सातव्या महिन्यात आसरांची ओटी पोचली नाही तर हेही जाईल, या धास्तीनं म्हातारीला घास गिळेना.

"दे हिकडं, म्या ठिवतो," तिचा नवरा सावळा म्हणाला. तो रोज शेरडं घेऊन घळीत उतरायचा.

"गडीमाणूस ओटी भरतो व्हय? गप ऱ्हावा."

"बरं, मंग उद्या मंगळवार हाय, तुजं तू बघ," असं म्हणून तो हसला.

मंगळवारी सकाळी ती काठी टेकत पुलावर आली. आपलेच शब्द गिळायचे होते, म्हणून आजूबाजूला कुणी नाही असं बघून कठड्याशी थांबली. तांदूळ, हळकुंड आणि नारळ खणात घालून तिनं घट्ट गाठ मारली. खाली डोकावली तर घरचीच शेरडं दिसली. माणूस दिसेना.

"अवं!" तिनं हाक दिली. "बाजूला व्हा!"

नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, अशी तिची पक्की समजूत. पुढचे शब्द वाऱ्यानं नेले, खाली पोचलं ते नुसतं 'अवं'. आणि 'अवं' म्हटलं की सावळा असेल तिथून पुढं यायचा, पन्नास वर्षं येत होता.

उत्तर आलं नाही. खाली कुणी नाही असं समजून तिनं हात जोडले आणि ओटी सोडली. तेवढ्यात तो कपारीतून बाहेर आला, वर बघत. ओटी थेट त्याच्या कपाळावर आदळली.

लोक खाली उतरले तेव्हा सातही दगड धुतलेले होते. त्यांना ताजा शेंदूर लावलेला होता, पुढची जागा झाडून घेतली होती. ती आज येणार, मग वरून का होईना, हे त्याला ठाऊक होतं.

दुपारी हवालदार पंचनाम्याला आले. "मयताचं नाव?" त्यांनी विचारलं. नातू बोलायला पुढं झाला, तर सारजाबाईनं त्याला हातानं मागं सारलं.

"म्या सांगते. आता काय कमी व्हायचं ऱ्हायलंय."

तिनं पदर सावरला. "सावळा," ती म्हणाली.

हवालदारांना नीट ऐकू गेलं नाही. तिला ते पुन्हा सांगावं लागलं.