जेबेल शम्सच्या वळणावरचा बर्फ

कॅमेऱ्याचं बटण दाबलं, स्क्रीन क्षणभर उजळली आणि विझली. दुसरी बॅटरी घातली, तीही गेली. आदल्या संध्याकाळी दोन्ही फुल चार्ज केल्या होत्या. समोर ओमानमधल्या जेबेल शम्स या उंच डोंगरावरच्या रस्त्याचं वळण, डांबरावर पातळ बर्फ, आणि पलीकडच्या कड्यावरून ऊन खाली उतरायला लागलेलं. ते रस्त्यावर पोचलं की माझ्या पुराव्याचं पाणी होणार होतं.

मी मस्कतमध्ये लॉस सर्व्हेयर आहे. म्हणजे अपघात झाला की इन्शुरन्स कंपनीतर्फे जायचं, काय घडलं ते बघायचं, फोटो काढायचे, रिपोर्ट द्यायचा. लोकांना वाटतं आम्ही क्लेम कापायलाच जातो. वाटू दे.

या वळणावर एका टुरिस्ट कॅम्पचा पिकअप पहाटे घसरून दरीत गेला होता. चालवत होता इक्बाल, आपल्या श्रीवर्धनकडचा. शेजारी कॅम्पचा कुक बशीर, इक्बालचा रूममेट. तो जागीच गेला. इक्बाल मांडी मोडून खालच्या निझवा शहरातल्या हॉस्पिटलात पडला, वर निष्काळजीपणाची केस. पहाटेची वेळ, डोळा लागला असणार, असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं होतं.

मी त्याला भेटलो तेव्हा तो छताकडे बघत बोलला, "सावंतसाहेब, ब्रेक मारला मी. पन गाडी थांबलीच नाय. रस्ता निसता गुळगुळीत झालता."

"झोप आली होती का? खरं सांग."

"नाय. पन आता सगळेच बोलतात, तर मला पन वाटाया लागलंय. लागला पन असंल डोळा. पुढच्या टायमाला विचारलं तर हो बोलून टाकतो. खलास."

मला त्याचा रागच आला. माणूस न केलेला गुन्हा निव्वळ कंटाळून अंगावर घ्यायला निघाला होता. आणि तो गुन्हा साधा नव्हता, जिवलग मित्राच्या मरणाचा होता.

जागा मी आधी पाहिली होती, तीही भर उन्हात. वळणाच्या वर असलेल्या पाण्याच्या टाकीचा पाइप गळत होता, वळणावर थोडं पाणी पसरलं होतं. नुसत्या ओल्या डांबरावर गाडी अशी घसरत नाही. पण हिवाळ्यात जेबेलवर पारा रात्री शून्याखाली जातो. तेच पाणी पहाटे काय होत असेल? मी ऑफिसला फोन लावला.

"सावंत, ओमान में बर्फ?" आमचे मॅनेजर थॉमस हसले. "मैं किसको बोलूँ ये? फोटो है?"

"कल सुबह निकालता हूँ, सर."

"फोन का मत भेजना. कंपनी के कैमरे की ओरिजिनल फाइल चाहिए, नहीं तो वकील लोग उड़ा देगा."

म्हणून मी वर मुक्काम केला. आणि तिथे सवयीने घात केला. मस्कतच्या दमट उन्हाळ्यात कॅमेरा रात्रभर एसीत ठेवला, तर सकाळी बाहेर काढताच लेन्सवर वाफ धरते आणि सगळं धुरकट दिसतं. म्हणून आम्ही कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवतो. इथेही तसाच ठेवला. मी हीटरच्या खोलीत ब्लँकेट घेऊन झोपलो आणि बॅटऱ्या डिकीत गारठल्या. गारठलेल्या बॅटरीत चार्ज असतो, पण ती तो देत नाही. चावी हरवलेल्या कपाटासारखं.

बॅटऱ्या मी शर्टाच्या आत काखेत धरल्या. माझ्यासोबत हमूद होता, फोर-बाय-फोर चालवणारा तिथलाच ओमानी. मला कुडकुडताना बघून त्याने मायेने कॅमेरा गाडीत नेला आणि हीटरसमोर धरला. मी ओरडेपर्यंत उशीर झाला होता. लेन्स पांढरी झाली.

"ये क्या हुआ?" तो घाबरला.

झालं ते मस्कतचंच, फक्त उलटं. थंड काच ऊबदार हवेत आली आणि वाफ धरली. पुसली तर पुन्हा धरत होती. कॅमेरा बाहेर गाडीच्या टपावर ठेवला आणि थांबलो. दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं. ऊन अर्धा कडा उतरलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर इक्बालची मान दिसत होती, होकार द्यायला तयार झालेली.

"इन्शाल्ला साफ होगा," हमूद म्हणाला.

हळूहळू लेन्स निवळली. काखेतली बॅटरी घातली, कॅमेरा चालू झाला. बर्फ डांबरावर नुसता ओलाव्यासारखा दिसतो, म्हणून त्याची चकाकी उठावी असा फ्लॅश बाजूने, खालून मारला. मग गाडीतल्या टॉमीने, म्हणजे टायर काढायच्या लोखंडी पट्टीने, बर्फाचा एक तुकडा उचकटला. हमूदने तो फोटोसाठी उघड्या तळहातावर धरला आणि हात सुन्न झाला तरी खाली घेतला नाही. पहिली बॅटरी मेली तशी दुसरी घातली. ती संपली तेव्हा ऊन आमच्या पायाशी होतं आणि रस्त्यावर पुन्हा नुसतं पाणी.

फोटो मान्य झाले. चौकशीत घसरण्याचं कारण बर्फ ठरलं, केस मागे घेतली गेली. पाइपही दुरुस्त झाला, बशीर गेल्यावर.

मी प्रिंट घेऊन निझवाला गेलो. केसचं सांगितलं, पण इक्बालचं तिकडे लक्षच नव्हतं. तो फोटोवरून बोट फिरवत राहिला.

"म्हंजे मी झोपलो नव्हतो."

"नव्हतास."

मग तो रडला. एवढे दिवस रडला नव्हता म्हणे. डोळे पुसून म्हणाला, "याची एक कॉपी बशीरच्या बायकोला धाडा, साहेब. तिला पन लोकांनी तेच सांगितलंय."

मी पाठवली. तिचं उत्तर आलं नाही, आणि ते यावं अशी अपेक्षाही नव्हती.

धडा म्हणाल तर साधा आहे. थंडीत बॅटऱ्या अंगाशी ठेवाव्यात आणि कॅमेरा बाहेर. आणि पहाटेचा अपघात पहाटेच बघावा. आम्ही सगळे शहाणे भर उन्हात, टक्क डोळे उघडे ठेवून त्या वळणावर उभे होतो, आणि झोपलेला ठरवलं इक्बालला.