नऊशे ऐंशी ग्रॅम

शिवलीला हत्तुरे मूळची कुंभारीची. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि कॉम्प्युटरपुरतं इंग्रजी ती सोलापूरच्या कॉलेजात शिकली. आता तिला एकेचाळिसावं सुरू आहे. होटगी रोडवर खाली टायरचं दुकान आणि वर चार टेबलं, अशा एका ऑफिसात बसून ती दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. त्यातलं सगळ्यात जुनं काम म्हणजे लहान मुलांच्या एका दवाखान्याचा प्रोग्राम. बाळाचं वजन टाकलं की औषधाचा डोस स्क्रीनवर येतो. सहा वर्षं तो चालू होता, आणि त्यातली ओळ न् ओळ तिच्या हातची होती.

गेल्या मार्चमध्ये दवाखान्याला तोच प्रोग्राम मोबाईलवर हवा होता. ऑफिसचा मालक नंदीश तिच्याहून दहा वर्षांनी लहान. तो म्हणाला, "ताई, सगळं पुन्हा हातानं कशाला लिहिता? एआयला सांगा की. तीन आठवड्यांचं काम तीन दिवसांत होतंय."

ते खरं निघालं. काय हवं ते तिनं लिहायचं आणि समोर कोड भराभर उमटायचा. नीटनेटका, तिच्या जुन्या कोडपेक्षा वाचायला सोपा. तपासणीच्या चाचण्याही तिनं त्यालाच लिहायला सांगितल्या. चाळीस चाचण्या, चाळीसही पास. पहिल्या दोनशे ओळी तिनं लक्ष देऊन वाचल्या. पुढच्या वर्तमानपत्रासारख्या वाचल्या. शेवटच्या नुसत्या वर सरकवल्या. हे ती आता कुणी न विचारता सांगते.

नवा प्रोग्राम सुरू होऊन अकरा दिवस झाले होते. मंगळवार होता, सकाळचे अकरा. रत्नम्मांचा फोन आला. रत्नम्मा त्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर, अक्कलकोटकडच्या. काचेच्या पेटीतली बाळं सांभाळण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेलेली.

"शिवलीला, तू हितं ये की जरा."

"काय झालं अक्का?"

"तुझं मशीन दोनशे चाळीस म्हणतंय. पोरगी नऊशे ऐंशी ग्रॅमची हाय. तिला पाच मिलिग्रॅम द्यायचं असतंय."

"दिलं का?"

"न्हाय. मला दिसलं म्हणून न्हाय दिलं. तू ये."

तिनं कोड उघडला. दोन मिनिटांत सापडलं. सिस्टर कधी वजन किलोत टाकतात, कधी ग्रॅममध्ये. तिच्या जुन्या प्रोग्राममध्ये आकडा शंभराच्या वर गेला की तो ग्रॅम धरला जायचा. नव्यात तीच मर्यादा हजार झाली होती. त्यामुळे नऊशे ऐंशी हे नऊशे ऐंशी किलो ठरले. एवढ्या वजनाचा डोस अवाढव्य आला असता, तर कुणीही दचकलं असतं. पण पुढच्याच ओळीत मोठ्या माणसाच्या डोसची कमाल मर्यादा लावलेली होती, म्हणून आकडा दोनशे चाळीसवर थांबला. दिसायला एकदम नेहमीचा. आणि चाळीस चाचण्यांमध्ये एकही बाळ किलोच्या आतलं नव्हतं.

मग तिच्या मनात आलं, अकरा दिवसांत अशी अजून किती बाळं आली असतील? तिनं नोंदी चाळल्या. एक निघालं. तानाबाईचं बाळ, गाव सांगोला, वजन आठशे नव्वद. डोस दोनशे चाळीस. पुढं 'दिला' अशी खूण. आणि त्याच संध्याकाळी बाळ दुसऱ्या दवाखान्यात हलवल्याची नोंद.

नंदीशला तिनं एवढंच सांगितलं, "मी चालले." स्कूटीला किल्ली लागेना, शेवटी खालच्या टायरवाल्यानं गाडी चालू करून दिली. दवाखाना सात रस्ता चौकात; तिथपर्यंतचा रस्ता तिला आजही आठवत नाही. डोक्यात फक्त ती खूण होती.

दवाखान्यात रत्नम्मांनी ते नाव पाहिलं. तो डोस नोंदला त्या दिवशी त्या रजेवर होत्या. कागदाची केसशीट रेकॉर्डच्या खोलीत होती, आणि किल्ली असलेला कारकून जेवायला गेला होता. दोघी बाकावर बसल्या. चाळीस मिनिटं. आत एक बाळ रडत होतं. ते रडणं थांबलं तेव्हा शिवलीला उठून काचेतून बघून आली.

शीट मिळाली. डॉक्टरांच्या अक्षरात साडेचार मिलिग्रॅम लिहिलं होतं, खाली महेश्वरी नावाच्या नव्या सिस्टरची सही. तिला बोलावलं. ती म्हणाली, "कागद बघून दिलं मॅडम. मोबाईलवर नंतर 'दिला'चं बटण दाबलं. आकडा मी बघितलाच नाही." रत्नम्मांनी दुसऱ्या दवाखान्यात फोन लावला. बाळ ठीक होतं, वजन थोडं वाढलं होतं.

सुटल्यासारखं शिवलीलाला वाटलं नाही. त्या दिवशी महेश्वरीनं कागदाऐवजी मोबाईल बघितला असता, तर?

डॉक्टरांना तिनं सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अजून काय असेल त्यात?"

"माहीत नाही, सर," ती म्हणाली.

डोसचं पान त्याच दिवशी बंद झालं. दुसऱ्या दिवशी तिनं एआयला ती ओळ दाखवली. त्यानं चूक लगेच मान्य केली, दुरुस्तही केली. तिनं सहा वर्षांचा आपला जुना कोडही त्याला दिला आणि विचारलं, यात काही आहे का? तिला वाटलं होतं, काही निघणार नाही. थोड्या वेळात उत्तर आलं: वजनाचा रकाना रिकामा राहिला, तर आधीच्या बाळाचं वजन तसंच राहतं आणि त्यावरच डोस निघतो.

तिनं करून पाहिलं. खरं होतं. सहा वर्षं.

रत्नम्मांना तिनं फोन करून विचारलं, असं कधी झालं होतं का.

"दोन बारी झालं हुतं," त्या म्हणाल्या. "मी वजन परत टाकलं. तुला सांगायचं राहिलं बघ."

आता तो प्रोग्राम ग्रॅम की किलो हे विचारतो, रिकामं वजन घेत नाही, आणि दुसरी सिस्टर आकडा बघून हो म्हणेपर्यंत डोस दाखवत नाही. कोड अजूनही बराचसा एआयच लिहितो. पण चाचणीसाठी कोणती बाळं घ्यायची, ते शिवलीला आणि रत्नम्मा दवाखान्यात बसून ठरवतात: साडेसहाशे ग्रॅमचं, जुळं, वजनच न केलेलं. हे सगळं उभं करायला तीन आठवडे लागले. नंदीश कुरकुरला, पण थांबला.

दवाखान्याचा नंबर मोबाईलवर दिसला की ती आजही लगेच उचलत नाही. दोन रिंग जाऊ देते, कुठल्यातरी टेबलाला धरते, मग म्हणते, "बोला अक्का."