रंग बदलणाऱ्या काचेतला कापूस

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. शिरपूरकडच्या एका कापूस खरेदी केंद्रावर मी ग्रेडर होतो. ग्रेडरचं काम म्हणजे बैलगाडीवर चढायचं, कापसात कोपरापर्यंत हात घालून खालची मूठ उपसायची, उन्हात धरून रंग बघायचा, बोटांनी धागा ओढायचा आणि प्रत सांगायची. मी एकदा बोललो की चिठ्ठीवर तेच चढायचं. मूठ माझ्या हातात असेपर्यंत शेतकरी कापसाकडे बघतच नसत, माझ्या डोळ्यांकडे बघत. माझी नजर चुकत नाही असं लोक म्हणत, आणि खरं सांगायचं तर लोकांच्या आधी मीच म्हणत असे.

चाळिशी लागली तशी मूठ धूसर दिसायला लागली. चष्मा आला. मग दिवसभर उन्हात पांढऱ्या कापसाकडे बघून संध्याकाळी कपाळ ठणकायला लागलं. दिवाळीत जळगावला घरी गेलो तेव्हा चष्मेवाल्याने उन्हात काळी होणारी काच दाखवली. "घरात साधा चष्मा, उन्हात गॉगल. पंधरा दिवस वापरून बघा साहेब. नाही जमलं तर जुन्या काचा परत बसवून देतो." माझ्याच फ्रेममध्ये त्याने नव्या काचा बसवल्या आणि जुन्या कागदात गुंडाळून दिल्या.

पहिले चार दिवस मी खुशीत होतो. डोकं दुखेना. एसटीच्या खिडकीतून येणारं ऊनही बोचेना. एवढंच की आवारातून ऑफिसात आलो की रजिस्टर दिसायला बराच वेळ लागायचा. गारठा पडला होता आणि थंडीत काच जास्तच काळी होई, उजळायलाही वेळ घेई. होईल सवय, असं मी स्वतःला सांगत होतो.

यंदा बऱ्याच गाड्यांना मी खालची प्रत देत होतो, आणि गाड्यांच्या रांगेत काहीतरी बिनसलं होतं. मी जवळ गेलो की बोलणी थांबायची. माझ्या हमालाने एकदा दबकत सांगितलं, "लोक म्हणतात, साहेबाने डोळे झाकून घेतले. कुठंतरी पाणी मुरतंय." माझ्या नाकावर राग कायमचाच. "मुरू दे," म्हणालो आणि पुढच्या गाडीवर चढलो.

पाचव्या दिवशी अक्काची गाडी आली. ही म्हातारी दरवर्षी स्वतः गाडीबरोबर यायची. तिचा कापूस ती आणि घरच्या बायका पालापाचोळा लागू न देता वेचत, आणि मी दरवर्षी त्याला पहिली प्रत देत आलो होतो. त्या दिवशी मी मूठ उपसली, तर पिवळट. आणखी खाली हात घातला, तीच झाक. पिवळ्या पडलेल्या कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. मी म्हणालो, "अक्का, यंदा कवडी मिसळली तुम्ही."

अक्का गाडीच्या दांडीला धरून उभी होती. ती ओरडली नाही. "भाऊ, चष्मा काढ अन् मंग देख."

"चष्मा काढला तर मला डाग दिसत नाहीत, अक्का. ग्रेडर मी आहे का तुम्ही?"

रांगेतले लोक गाड्यांवरून उतरून जवळ आले. मी चिठ्ठीसाठी खालची प्रत सांगणार, एवढ्यात अक्का म्हणाली, "बरं, कापूस ऱ्हाऊ दे. तुना सदराकडे देख. तो कोणता रंगना शे?"

मी बाहीकडे पाहिलं. सकाळी नीळ घातलेला, इस्त्रीचा पांढरा सदरा अंगात घातला होता. तो कापसासारखाच पिवळट दिसत होता. काळी म्हणून घेतलेली काच उन्हात खरं तर तपकिरी होत होती, आणि चार दिवसांत माझ्या डोळ्यांना तिची इतकी सवय झाली होती की मला ती दिसतच नव्हती.

ती मूठ तशीच धरून मी शेडमध्ये गेलो आणि उभा राहिलो. सगळे दारात येऊन थांबले. काच उजळायला किती वेळ लागला कुणास ठाऊक, मला तो संपेचना. मुठीतला कापूस हळूहळू पांढरा होत गेला. त्यात एक डाग नव्हता.

"पहिली प्रत," मी मोठ्याने म्हणालो. "चूक माझी होती."

लोकांना हायसं वाटलं असेल, मला वाटलं नाही. चार दिवसांचा कापूस समोर एकाच गंजीत पडला होता. कुणाचा कुठला, ते आता देवालाही सांगता आलं नसतं.

गाडी रिकामी झाल्यावर अक्का माझ्याजवळ आली. "मनं तं काम झायं भाऊ. पण काल मना देवर उना व्हता. तू त्याना कापूसले कवडी म्हणना. घर जाईसन तो सूनवर भडकना, तुले येचताच येत नही म्हणे. कालपास्नी ती पोर जेवेल नही शे."

कापूस वेचणं बायकांचं काम. प्रत घसरली की बोल त्यांच्या हातांना लागतो, हे मला इतकी वर्षं माहीत होतं. तरी एकदाही ते माझ्या मनात आलं नव्हतं. मी त्या दिवसापुरतं केंद्र बंद करायला सांगितलं आणि त्याच दुपारी शिरपुरात एका चष्मेवाल्याकडून त्या जुन्या काचा परत बसवून घेतल्या. रस्त्यावर हिंडणाऱ्याला ती काच चांगलीच आहे, पण रंगावर ज्याचं काम चालतं त्याने ती कामावर घालू नये, एवढं मला कळलं होतं.

संध्याकाळी मी अक्काच्या दिराच्या ओट्यावर उभा होतो. घरचे पुरुष समोर बसले होते. "कापूस चांगला वेचला होता," मी सांगितलं. "माझ्या चष्म्यात खोट होती. सूनबाईंची काही चूक नाही." सासरा खाली बघत राहिला.

सून दाराआड होती. पदर पुढे ओढून ती उंबऱ्यापर्यंत आली. ती माझे आभार मानेल असं मला वाटलं होतं.

"दुसरास्ना घर बी जाशात का तुम्ही?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. चार दिवसांत कवडी ठरवलेल्या गाड्या कितीतरी होत्या, पण पुढे मी फक्त तीन घरी गेलो.