प्रोटॉनवाला बिभीषण

मिरजगावच्या बिभीषणला आयुष्यात एकच गोष्ट जमली: न समजलेलं ठासून सांगणं. त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, पण तिथून दुरुस्त होऊन गेलेला टीव्ही गावात कुणी पाहिला नव्हता.

एकदा त्याने मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. एक्स-रेऐवजी प्रोटॉनचा झोत शरीरातून आरपार सोडून आतलं चित्र काढायचे प्रयोग परदेशात चाललेत. कर्करोगाच्या गाठीवर उपचाराचा नेम धरायला ते कामी येईल. त्यासाठी खोली भरून उरेल एवढं यंत्र लागतं, हेही पुढे होतं. पण तोवर बिभीषणने व्हिडिओ बंद केला होता. लगेच दुकानावर पाटी चढली: 'प्रोटॉन तपासणी केंद्र'. आत पत्र्याचं खोकं, खोक्यात निळा दिवा आणि घरघरणारा पंखा, शेजारी कॉम्प्युटर. अंगात पांढरा कोट दिसला, तेवढ्यावर लोक त्याला डॉक्टर म्हणू लागले. त्याला लाज नव्हती आणि त्यांना शंका नव्हती.

ऊसतोडीहून परतलेली आक्काबाई बैलगाडीवरून पडली. मनगट टम्म सुजलं. नवरा कारभारी तिला बिभीषणकडे घेऊन गेला. हात खोक्यात गेला, पंखा घरघरला, पडद्यावर हाडं उमटली.

"हाड शाबूत हाय. लेप लावा."

आक्काबाई पडद्याकडे बघत म्हणाली, "ही करंगळी कुनाची?"

"तुमचीच की."

तिने हात वर केला. करंगळी कधीच कोयत्याखाली गेली होती.

बिभीषण अडखळलासुद्धा नाही. "प्रोटॉनला मूळचं शरीर दिसतं, मावशी."

आणि कारभारीने चक्क मान डोलावली! तिचं न ऐकता लेप लावत राहिला. दुखणं सहन होईना, तेव्हा कुठे नगर गाठलं. साध्या एक्स-रेत दिसलं, हाड मोडून वाकडं जुळू लागलं होतं. ऑपरेशन करून ते पुन्हा बसवावं लागलं.

बाजाराच्या दिवशी आक्काबाई गळ्यात हात अडकवून दुकानासमोर उभी राहिली.

"माझी करंगळी सापडली म्हनं तुला? दे की मग!"

बाजार हसला. कालपर्यंत रांगेत उभे असलेलेही हसले, जणू आपण कधी फसलोच नव्हतो. बोभाटा तालुक्याला पोचला आणि चौकशी आली. कॉम्प्युटरमध्ये हाताचं एकच चित्र निघालं, इंटरनेटवरून उतरवलेलं. तेच सगळ्यांना दाखवलेलं.

बिभीषणने माफी मागितली नाही. पोलिसांच्या जीपमध्ये बसताना कोटाची बटणं तेवढी नीट लावून घेतली.