डेपोतला अर्थमंत्री

आमच्या बस डेपोत काकांना सगळे अर्थमंत्री म्हणायचे. काम इंजिन फिटरचं. पण चहाच्या सुट्टीत कोणीतरी एक शब्द टाकायचा आणि ग्लास रिकामा व्हायच्या आत काकांनी त्याचा अर्थ सांगायचा, हा रिवाजच पडला होता. नातेवाईक म्हणजे? फोटोत पुढे, दवाखान्यात मागे. साहेब म्हणजे? पाना कशाला म्हणतात ते ठाऊक नाही, पण कोणी हरवला ते बरोबर ठाऊक. मी कामगारांचा पुढारी, म्हणून मला मुद्दाम ऐकवायचे, पुढारी म्हणजे दुसऱ्याच्या पोटदुखीवर स्वतःचा घसा बसवून घेणारा. माझं टाळकं सरकायचं. तरी हसायचो.

काकू वारल्या, मुलगी लांब दिलेली. निवृत्तीनंतरही काका रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून चहाला हजर. घरी बोलायला कोणी नाही हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पण आल्यावर पहिलं वाक्य बोलताना आवाज खरखरायचा. त्यावरून मी ओळखायचो.

मग नव्या मॅनेजरने पाटी ठोकली, बाहेरच्यांना प्रवेश नाही. फाटकावर पहारेकऱ्याने काकांना अडवलं.

"बाहेरचा म्हणजे काल आतला होता तो," काका त्याला म्हणाले आणि माघारी वळले.

मी तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसलो. काम बंद पाडण्याची भाषा केली, टेबल बडवलं, तेव्हा कुठे चहाच्या सुट्टीपुरता पाहुण्यांचा पास निघाला. काकांच्या खोलीवर तो मीच नेऊन दिला, छाती पुढे काढून.

दुसऱ्या दिवशी काका आले, खिशाला पास लावून. आणि आमचे शहाणे उठून उभे राहिले. नेहमीच्या बाकावर जागा असताना ऑफिसातली खुर्ची आणली. काल 'ए अर्थमंत्री' म्हणणारे आज अहो-जाहोवर आले. गुडघे कसे आहेत, लेक काय म्हणते, आता आराम करा. शब्द कोणीच टाकला नाही. काकांनी चहा फार हळू प्यायला. शेवटी भोंगा झाला.

फाटकापर्यंत मी सोबत गेलो. उद्या येताय ना, विचारलं.

त्यांनी पास काढून माझ्या हातात दिला. "पाहुण्याने रोज यायचं नसतं रे."

समोरच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. त्यांची बस आली, गेली. ते तिथेच. मी भांडायला तयार होतो, पण कोणाशी, तेच कळेना.