काकूले विचारा

मी नागपुरात, सक्करदऱ्याच्या घरात, स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलेली आणि तिकडे बैठकीत मीच बोलून राहिलेली. "काहून वं माय, मागचं लोणचं संपलं काय इतक्यात?" माझाच आवाज, माझाच ठसका, शेवटी मी हसते तसं हसूसुद्धा. आणि हे मी कधी बोललेच नव्हते! लेक लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, तिथून तो आवाज येत होता. मी हातातली सुरी खाली ठेवली. उठून बघायची हिंमत झाली नाही. भ्याले मी, सरळ सांगते.

लेक पुण्यात जाहिरातीच्या कंपनीत आहे. लोकांच्या धंद्याला नाव आणि चेहरा मिळवून द्यायचा, असं तिचं काम. ती म्हणायची, "आई, आता मशीनच लिहितं, मशीनच बोलतं. सगळ्यांचा माल सारखाच दिसतो. ज्याच्या मागे खरं माणूस आहे तोच टिकणार. तुझ्याकडे ते आहे, तूच तुझा ब्रँड आहेस." ब्रँड म्हणजे चपला-बुटांचा असतो एवढंच मला माहीत. पण पोरगी आईच्या चटण्यांची तारीफ करते म्हटल्यावर कोणाला वाईट वाटेल?

जवसाची, तिळाची, कारळाची, लसणाची अशा चटण्या मी करते, लोणचीही. गिऱ्हाईक फोनवरून मागतं, मी पाठवते. पाकिटावर लेकीने चार शब्द छापून घेतले होते. काय घातलंय? काकूले विचारा. खाली फोन नंबर. छापणाऱ्याने 'काकूला' करून आणलं तर तिने परत पाठवलं, 'ले'च पाहिजे म्हणून भांडली. मला हसू आलं होतं. पण लोकांना आवडलं ते. विचारायला खरंच फोन यायचे आणि मी सांगायची. सांगायची कसली, आधी मीच विचारायची. कोण खाणार आहे? लेकरू आहे काय घरात? म्हातारं माणूस? कोणाची जळजळ, कोणाचं पथ्य? लोक म्हणायचे, काकू चौकशा लय करते. करते! खाणारं तोंड माहीत नसताना मी तिखटाचा हात कसा ठरवू? आणि कोणी घाई केली तर मी ओरडायची. माझ्या ओरडण्याचे मेसेज लोक एकमेकांना पाठवून हसायचे म्हणे. हसा बापा, म्हटलं, चटणी तं खाऊन राहिले ना!

मग घसा बसला. मिरची कुटायची, वरून दिवसभर बोलायचं, किती सहन करणार तो? डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, महिनाभर बोलणं बंद, नाहीतर आवाज कायमचा जाईल. मी घाबरले. आवाज गेला तर फोन कोण घेईल? फोन नाही तर चटणी कोण घेईल? पोरीने तेव्हाच सुट्टी काढली आणि आली. माझे जुने बोललेले मेसेज, वर्षानुवर्षांचे, सगळे तिने त्या मशीनला ऐकवले. गिऱ्हाइकाने काही विचारलं की आता मशीन माझ्या आवाजात उत्तर देणार. मी नुसत्या चटण्या करायच्या.

मी घोगऱ्या आवाजात तिला विचारलं, "यानं कोणाले चुकीचं सांगितलं तं?"

"आई, ते तुझ्याच बोलण्यातून शिकलंय. तुझ्यासारखंच सांगेल."

त्यानेच तर मला धडकी भरली होती. पण पोरीचा चेहरा इतका खूश होता की मी गप बसले.

ती पुण्याला परत गेली आणि मशीनचं बरं चाललं. फार बरं चाललं. लेक ऑर्डरी कळवताना सांगायची, गिऱ्हाइकं म्हणतात, "काकू, आजकाल चिडत नाही तुम्ही, लवकर उत्तर देता." मशीन कोणाला ताटकळत ठेवायचं नाही, चौकशा करायचं नाही. माझ्या मनात रोज यायचं, एकदा ऐकावं तरी मी काय काय सांगून राहिले लोकांना. आणि रोज मी ते टाळायची. माझा मोबाईल लांब खिडकीत ठेवून द्यायची, झाकणाखालचा विंचू असल्यासारखा.

एका शनिवारी, उन्ह चढायच्या आत जवसाची चटणी करून झाली, गावातली पार्सलं पोचवायला पोऱ्या गेला, आणि मी मन घट्ट करून मोबाईल उचलला. म्हटलं, ऐकतेच आज. पहिली दोन-तीन उत्तरं ठीक होती. मग जरीपटक्याच्या एका बाईचा मेसेज लागला. तिला मी ओळखत होते. शाळेत मास्तरीण आहे, एकदा लोणचं मागवलं तेव्हा फोनवर बराच वेळ बोललो होतो. ती विचारत होती, "काकू, जवसाच्या चटणीत फल्ली आहे काय? माह्या पोरीले चालत नाही."

आणि त्याखाली मी. गोड, लाडाने, खणखणीत आवाजात. "नाही वं माय! चटणीत फल्ली कायले घालू मी? बेफिकीर दे पोरीले."

मी ते पुन्हा लावून ऐकलं.

आमच्याकडे शेंगदाण्याला फल्ली म्हणतात. फल्लीचं तेल, फल्लीचे लाडू, भाजलेली फल्ली. नागपुरात जन्मलेल्या माणसाला यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. आणि माझी जवसाची चटणी फल्लीशिवाय होतच नाही. नुसतं जवस चिकट होतं, कडसर लागतं, म्हणून मी भाजलेले दाणे घालते, चांगले मूठमूठ. बारीक कुटले की डोळ्याला दिसतही नाहीत. आणि काही लेकरांचा एका दाण्याने घसा सुजून जीव जाऊ शकतो, हे मी ऐकून होते. ते पाकीट सकाळीच गेलं होतं. मीच त्यावर पत्ता चिकटवला होता.

मी लेकीला फोन लावला. माझ्या घशातून नीट शब्द निघेना. तिने ते उत्तर तिकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई, त्याला फल्ली म्हणजे शेंग वाटली असेल. गवारीची, शेवग्याची. चटणीत शेंग कोण घालतं? म्हणून नाही म्हणालं." मी म्हटलं, चुलीत घाल तुझं मशीन, आधी त्या बाईले कळव. ती म्हणाली, कळवते, लगेच कळवते.

मी माझ्या फोनवरून त्या बाईला लावला. तिने उचलला. आणि इथे मी काय करावं? सरळ म्हणायचं ना, फल्ली आहे, देऊ नको! ते सोडून मी सवयीने आधी स्वतःची ओळख सांगायला गेले. "मी काकू बोलून राहिली, चटणीवाली…" फाटका, घोगरा आवाज. मलाच माझा वाटत नव्हता.

"कोण?"

"काकू. चटणी…"

"काकूचा आवाज मी वळखते," ती म्हणाली. "सकाळीच बोलली मी त्यांच्याशी. नंबर काकूचा दाखवून बोलणारे तुमच्यासारखे फ्रॉड रोज येतात. शरम नाही वाटत?" आणि कट.

पुन्हा लावला, लागेना. तिने माझा नंबर ब्लॉक करून टाकला होता. लेकीचा फोन आला. तिने मेसेज टाकला होता, बाईने तो उघडला नव्हता. लेकीचा नंबर तिला अनोळखी, म्हणून फोनही उचलत नव्हती. शनिवारची शाळा सकाळची असते. म्हणजे पोरगी घरी आली असेल. म्हणजे आता जेवायला बसेल. माझ्या डोळ्यापुढे दुसरं काही येईना, नुसती एक ताट वाढलेली पोर.

चपला घातल्या की नाही आठवत नाही. कोपऱ्यावरचा ऑटो धरला. ऑटोवाल्याला म्हटलं, "जरीपटका, भाऊ, लवकर, लेकराच्या जिवाचं आहे." तो काही न विचारता निघाला, बिचारा. महालापर्यंत ठीक होतं. इतवारीत शिरलो आणि अडकलो. पुढे टेम्पो आडवा, त्याच्यापुढे पोत्यांचा हातठेला, मागून हॉर्न. मी उतरून चालत जाऊ म्हटलं तर तो म्हणे, "काकू, कोठवर चालान? बसा." मी बसले, आणि बसल्या बसल्या एकच शब्द घोकत राहिले, फल्ली, फल्ली. या खेपेला आधी तेवढंच बोलायचं. दुसरं काही नाही. आणि मनात हेही येत होतं की इतक्या वेळात झालं असेल जे व्हायचं ते. मी देवाला किती नवस बोलले तेही आठवत नाही. माझ्या हातून लेकरू गेलं तर मी जगू कशी, हाच विचार. माझ्या हातूनही नाही, माझ्या तोंडून. आणि मी तर तोंडही उघडलं नव्हतं!

कमाल चौक, इंदोरा, मग जरीपटक्याचा बाजार. पत्त्यावरचं घर खालच्या मजल्यावर होतं, पुढे लोखंडी जाळीचं दार. मी जाळी हलवली. ती बाई आतून आली, हाताला पोळीचं पीठ. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. तिने मला पाहिलं आणि दार उघडलं नाही.

"फल्ली," मी म्हटलं. "फल्ली आहे त्यात. दाणे. शेंगदाणे. चटणीत."

तिच्या तोंडावर आधी राग आला. मग तो गेला. ती मागे वळली. आत टेबलाशी शाळेच्या कपड्यात एक मुलगी बसली होती, आठ-नऊ वर्षांची, पोळीचा घास करून. वाटीतली चटणी थोडी कमी झालेली मला दारातून दिसत होती. ती मुलगी म्हणाली, "आई, घशात काहीतरी होऊन राहिलं."

पुढचं मला तुकड्या-तुकड्याने आठवतं. जाळी उघडली. आईने पोरीला उचललं. ऑटो अजून उभाच होता, देवाची दया. पोरीचे ओठ सुजत चाललेले, ती घासून घासून श्वास घेत होती आणि तिचे पाय माझ्या मांडीवर होते. आई तिला सारखं म्हणत होती, "बोल माझ्याशी, बोल, बोल." मी ते पाय धरून बसले होते. माझं काही बोलायचं धाडसच झालं नाही. जवळच्या दवाखान्यात पळतच आत नेलं. पडदा ओढला. आम्ही दोघी बाहेर. शेजारी शेजारी उभ्या, एकमेकींकडे न बघता. पडद्यामागून पोरीची घरघर येत होती, मग तीही येईना, तेव्हा तिच्या आईने माझा दंड धरला. इतका जोरात धरला की नखं रुतली. मी हलले नाही.

मग पोरगी रडली. मोठ्याने, रागाने, सुई टोचली म्हणून. जगात त्याहून चांगला आवाज मी ऐकलेला नाही.

डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, वेळेवर आणलं, अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. आईने माझा दंड सोडला. मी काय झालं ते तिला सांगायला लागले, मशीन, लेक, घसा, सगळं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. शेवटी एवढंच म्हणाली, "तुम्ही विचारलं असतं मले, काहून चालत नाही म्हणून. मी वाटच पाहून राहिली होती विचारायची. नाही विचारलं. मले वाटलं, काकूले खात्री असन." मग ती पडद्याआड गेली.

लेकीने त्याच दिवशी ते मशीन बंद केलं. मी तिच्यावर ओरडले नाही; ती फोनवर इतकी रडत होती की ओरडायला जागाच नव्हती. पाकिटं मी सगळी परत मागवली. आता त्यांच्यावर काय काय घातलंय ते छापलेलं असतं, शेंगदाणे आणि कंसात फल्ली. घशाला पूर्ण विश्रांती दिली. हळूहळू आवाज आला, पहिल्यासारखा, खणखणीत.

आवाज आल्यावर पहिला फोन मी त्या बाईला केला. घरातल्या दुसऱ्या फोनवरून केला, कारण माझा नंबर तिच्याकडे बंदच होता. म्हटलं, "मी काकू बोलते वं. पोरगी कशी आहे?"

तिकडे शांत. मी पुन्हा म्हटलं, "ऐकून राहिली काय माय? बरी आहे ना ती?"

"बरी आहे," ती म्हणाली. श्वास तेवढा ऐकू येत होता. "काकू, तुम्ही घरी या कधी. पोरगी विचारते तुमचं, पाय धरून बसलेली आजी कुठं आहे म्हणते. पण फोन नका करत जाऊ. हा आवाज ऐकला की मले भेव वाटते."

मी हो म्हणणार होते. पण हो म्हणायलाही तोच आवाज लागणार होता, म्हणून काही न बोलता फोन ठेवला.