शिळ्या ब्रेडचे थर

नवऱ्याने मोबाइलवर इटलीचा पदार्थ पाहिला. शिळ्या ब्रेडचे थर, मध्ये चीज, वरून सूप ओतायचं आणि भाजायचं. चीजसाठी त्याने अख्खं नागपूर पालथं घातलं. ब्रेड मात्र ताजा आणला आणि दोन दिवस मुद्दाम शिळा केला. "हात नको लावू वं, वाळून राहिला!"

लग्न झाल्यापासून या घरातली शिळी पोळी रोज सकाळी चहात बुडवून मीच संपवते. तिला कुणी कधी पदार्थ म्हटलं नाही.

रविवारी मुलांनी बोटं चाटली. सासूबाई म्हणाल्या, "माह्या पोराच्या हाताले काय चव हाय!"

एक तुकडा उरला. नवऱ्याने तो प्रेमाने झाकून ठेवला.

"सकाळी चहासंग तू खाऊन घेजो."